आज्ञावली घोकणारे अभियंते

विद्येच्या प्रांतात काही विषय असे असतात, की ते शिकविले जात नाहीत म्हणून समाजाची हानी होते. आणि काही असे असतात, की ते ज्या रीतीने शिकविले जातात त्या रीतीनेच हानी होते. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात पाऊल ठेवणाऱ्या मुलामुलींना संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकविणे, हा विषय ह्या दुसऱ्या वर्गातला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते आम्ही येथे विनासंकोच मांडणार आहोत.

आम्ही अभियंते नव्हे, व्यवसायाने वकील आहो. तेव्हा ‘वकिलाने ह्या भानगडीत का पडावे?’ असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे ओघाने येईलच. तूर्त एवढेच सांगतो, की फोंडा-मडगावपासून बेळगावपर्यंत आणि इंदूर-ग्वाल्हेरपासून बडोदे-हैदराबादपर्यंत आमच्या वाचकांच्या घराघरांतून मुले अभियांत्रिकीला जातात. कोणी स्थापत्य घेतो, कोणी यंत्र, कोणी विद्युत. शाखा कोणतीही असो, पहिल्या वर्षी आज्ञावलीलेखन, म्हणजे मुले ज्याला नुसते ‘कोडिंग’ म्हणतात ते, बहुतेक ठिकाणी सर्वांना सक्तीचे असते. म्हणून हा प्रश्न चार तज्ज्ञांचा नसून आमच्या तुमच्या घरचा आहे.

पुष्कळ महाविद्यालयांतून हा विषय कसा चालतो ते पाहा. वर्षारंभी एक यादी दिली जाते: क्रमगुणित काढा, मूळ संख्या ओळखा, पाच आकडे चढत्या क्रमाने लावा, उलटसुलट सारखा वाचता येणारा शब्द तपासा. ह्या दहा-पंधरा आज्ञावल्या गतसालच्या जर्नलातून ह्या सालच्या जर्नलात उतरतात. प्रयोगशाळेत त्या यंत्रावर चढवितात, उत्तर बरोबर आले की शिक्का पडतो. परीक्षेत त्याच आज्ञावल्या कागदावर, पेनने, आठवणीने लिहावयाच्या. ओळीच्या शेवटचा अर्धविराम विसरला तर गुण गेला. विचार चुकला पण अर्धविराम जागेवर असला तर पुष्कळदा गुण राहिला. तोंडी परीक्षेत ‘चल म्हणजे काय?’ ह्याची व्याख्या विचारली जाते, आणि मुलगा ती तोंडपाठ म्हणून दाखवितो. असा विद्यार्थी विषयात उत्तीर्ण होतो, आणि त्याला न पाहिलेला एक साधा प्रश्न दिला तर त्याची लेखणी उचलत नाही.

आता ह्या विषयाची मूळ योजना काय होती? आम्हा वकिलांना एक सवय असते. कायद्याच्या कलमाचा अर्थ संदिग्ध वाटला, की आम्ही त्याचे शीर्षक आणि उद्देशिका पाहतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली पदवी अभ्यासक्रमाचा जो नमुना प्रसिद्ध केला, त्यात पहिल्या वर्षाच्या ह्या विषयाचे नाव ‘प्रश्न सोडविण्यासाठी आज्ञावलीलेखन’ अशा अर्थाचे आहे. आठवड्यास ३ तास व्याख्यान आणि ४ तास प्रयोगशाळा, अशी त्याची वाटणी आहे. म्हणजे नावात ‘प्रश्न सोडविणे’ आधी, आणि वेळ देताना व्याख्यानापेक्षा हात चालविण्याला अधिक. योजनाकर्त्यांचा हेतू ह्याहून स्पष्ट कसा असावा? हेतू प्रश्न सोडविण्याचा, आणि व्यवहार सुटलेले प्रश्न उतरवून घेण्याचा! न्यायालयात अशा व्यवहाराला आम्ही कायद्याची पायमल्ली म्हणतो.

काही जण ह्याचा सारा दोष ‘सी’ ह्या भाषेवर ढकलतात. हा आरोप अर्धाच खरा आहे. १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ही भाषा घडविली, ती संगणकाची मूळ कार्यप्रणाली लिहिण्यासाठी. म्हणजे जाणत्यांनी जाणत्यांसाठी. नवशिक्यांसाठी मुद्दाम घडविलेल्या भाषा निराळ्या होत्या. १९६४ साली डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ ह्या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी ‘बेसिक’ तयार केली, ती विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यालाही संगणक वापरता यावा म्हणून. १९६७ साली सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांसाठी ‘लोगो’ काढली. १९७० साली निक्लाउस विर्थ यांनी ‘पास्कल’ प्रसिद्ध केली, तिचाही मुख्य हेतू शिकविण्याचाच. तथापि भाषा बदलली म्हणजे विद्या बदलली असे होत नाही. अलीकडे कित्येक ठिकाणी ‘सी’च्या जागी ‘पायथॉन’ आली आहे. अर्धविराम गेला, घोकंपट्टी राहिली. जेवणात मीठ नाही म्हणून ताट बदलणाऱ्या गृहस्थासारखाच हा प्रकार झाला.

आपल्या देशात ह्या शिक्षणाचा पाया ज्यांनी घातला त्यांची दृष्टी अशी नव्हती. १९६३ साली कानपूरच्या तंत्रज्ञान संस्थेत ‘आयबीएम १६२०’ हे यंत्र आले, आणि तेथे विद्यार्थ्यांना स्वतःच्या हाताने आज्ञावली लिहावयास शिकविण्यास आरंभ झाला. बाहेरच्या अध्यापकांसाठी आणि शास्त्रज्ञांसाठीही अल्प मुदतीचे वर्ग तेथे चालत. त्या काळी आज्ञावली भोके पाडलेल्या कार्डांवर जाई, आणि अनेकांत एकच यंत्र असल्यामुळे उत्तरासाठी थांबावे लागे. म्हणून कार्ड देण्यापूर्वी मुलगा दहादा विचार करी. ते दिवस परत यावेत असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच विचारतो, की आज निमिषार्धात उत्तर देणारे यंत्र मुलाच्या समोर आहे, तर त्याच्याशी शंभर वेळा झुंजून, शंभर वेळा चुकून शिकण्याची जी संधी कानपूरच्या त्या विद्यार्थ्यांना मिळत नव्हती, तीच आम्ही मुलांकडून का हिरावून घेतो?

कागदी परीक्षेचे समर्थक येथे एका मोठ्या नावाचा आधार घेऊ शकतील. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८८ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध टिपणात असे प्रतिपादिले होते, की नवशिक्याला आरंभी यंत्राजवळ जाऊच देऊ नये. त्याने आज्ञावली कागदावर लिहावी. परंतु पुढचे वाक्य वाचल्याशिवाय दाखला देऊ नये, हा वकिलीतला पहिला धडा होय. डाइक्स्ट्रांना कागदावर हवी होती ती सिद्धता: ही आज्ञावली बरोबर आहे हे विद्यार्थ्याने गणिताप्रमाणे सिद्ध करून दाखवावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे मत कोणाला पटो वा न पटो, त्यात स्मरणशक्तीच्या परीक्षेला कोठेही जागा नाही. सिद्धता मागणाऱ्या गुरूचा दाखला पाठांतर मागणाऱ्यांनी द्यावा, ह्याला काय म्हणावे?

आणि पाठांतराचीही निंदा आम्ही सरसकट करीत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. ज्या परंपरेने वेद स्वरासहित जतन केले, तिच्यातील पाठांतर केवळ ओळी डोक्यात भरण्याचे नव्हते. जटापाठात दोन पदे सरळ, मग उलट, मग पुन्हा सरळ म्हणावयाची: एक-दोन, दोन-एक, एक-दोन. घनपाठात त्यापुढे जाऊन तीन पदांची तशीच उलटसुलट गुंफण करावयाची: एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. एखादे पद निसटले तर ही गुंफणच ते उघडकीस आणते. घनपाठी ब्राह्मणाच्या तोंडी पदे असतात, आणि त्याच्या मनात नियम असतो. जर्नल उतरविणाऱ्या विद्यार्थ्याच्या तोंडी पदेच आहेत. नियमाचा पत्ता नाही. पहिल्या वर्षाच्या मुलास ‘दिलेल्या शब्दांचा जटापाठ छापणारी आज्ञावली लिही’ असा प्रश्न कोणी दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. दिला तर आवर्तन म्हणजे काय, क्रम म्हणजे काय, शेवटच्या पदाशी आल्यावर काय करावयाचे, हे सारे तो एका संध्याकाळी शिकेल.

ह्यावरून आम्हाला आमच्याच मंडळींकडे वळावे लागते, आणि चार कटू शब्द बोलावे लागतात. देवळांच्या सभामंडपांतून, सत्कार समारंभांतून एक वाक्य वारंवार ऐकू येते, की संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा आहे आणि अमेरिकेच्या अवकाशसंस्थेने तसे मान्य केले आहे. मूळ हकीकत इतकीच, की १९८५ साली रिक ब्रिग्ज ह्या संशोधकाने एका नियतकालिकात लेख लिहिला. संस्कृत शास्त्रकारांची वाक्यार्थ मांडण्याची पद्धत आणि यंत्राला ज्ञान समजावून देण्यासाठी योजलेली पद्धत ह्यांत साम्य आहे, असे त्याने दाखविले. लेख विचारार्ह आहे. त्यात कोणत्याही संस्थेचे प्रमाणपत्र नाही, आणि संस्कृतात कोणी यंत्र चालविल्याची वार्ताही नाही. पाणिनीने सुमारे ४,००० सूत्रांत भाषेचा सारा व्यवहार बांधला. एक सूत्र दुसऱ्यास केव्हा बाधते ह्याचाही नियम केला. ही बुद्धीची झेप थोर आहे ह्यात शंका नाही. परंतु आजोबांच्या पेढीचे नाव सांगून नातवाला उधारी मिळते ती चार दिवस. ज्या मुलाला स्वतः दहा नियम एकमेकांना न अडखळता मांडता येत नाहीत, त्याने पाणिनीचा अभिमान मिरविणे म्हणजे पाणिनीचाच उपमर्द होय.

अभिमान खराच असेल तर तो कामाला लावावा. पंचांगाचेच उदाहरण घेऊ. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिक मास, हा नियम आमच्या घरातील आजीबाईंनाही ठाऊक असतो. २०२३ साली श्रावण अधिक आला होता, तो ह्याच नियमाने. विद्यार्थ्याला अमावास्यांच्या आणि संक्रांतींच्या वेळांचे कोष्टक द्यावे आणि अधिक मास ओळखणारी आज्ञावली लिहावयास सांगावे. तो दोन अमावास्यांमधील संक्रांती मोजील. शून्य आली की ‘अधिक’ असे छापील. आज्ञावली चालेल, वर्षानुवर्षे बिनचूक चालेल. आता त्याला विचारावे: ‘एका महिन्यात दोन संक्रांती आल्या तर?’ तो क्षय मास. कधी १९ वर्षांनी, तर कधी १४१ वर्षांनी येणारा. ज्याने त्याचा विचार केला नाही त्याची आज्ञावली ज्या दिवशी तो येईल त्या दिवशी चुकेल, आणि तोवर ती चुकीची आहे हे कोणाला कळणारही नाही. पूल, धरण, विमान ह्यांच्या बाबतीत अभियंत्याला जन्मभर जो प्रश्न विचारावयाचा असतो, तो हाच: क्वचित येणारी, पण येणारच अशी अवस्था मी धरली आहे की नाही?

दुसरे उदाहरण आमच्या लिपीतले. उलटसुलट सारखा वाचला जाणारा शब्द ओळखणे, हा प्रश्न यादीत हटकून असतो, आणि तो इंग्रजी शब्दांवरच सोडविला जातो. त्याच आज्ञावलीला ‘नवीन’ हा शब्द द्या. आमच्या डोळ्यांना न-वी-न ही तीन अक्षरे दिसतात, आणि शब्द दोन्हीकडून सारखाच आहे. पण यंत्रात तो न, व, दीर्घ वेलांटी, न असा चार चिन्हांत साठविलेला असतो. उलटा केला की वेलांटी व-च्या आधी येते, आणि यंत्र बेधडक सांगते की शब्द सारखा नाही. ‘सी’तील नेहमीच्या रीतीने ‘गोवा’ ह्या शब्दाची लांबी मोजली, तर आजच्या रूढ संकेतानुसार ती १२ येते. कारण त्यातील चारही चिन्हांना प्रत्येकी ३ घरे लागतात. यंत्र खोटे बोलले का? नाही. अक्षर म्हणजे काय, हे आपण त्याला सांगितलेच नव्हते. जर्नलातील आज्ञावली जन्मभर उतरवूनही जो बोध होत नाही, तो ह्या एका मराठी शब्दाने होतो: आपण जे गृहीत धरतो ते यंत्र धरीत नाही.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. पहिला आक्षेप असा, की स्थापत्य वा यंत्र शाखेच्या मुलाला हे सारे कशाला? त्याने सिमेंट आणि पोलाद पाहावे. ह्याला उत्तर नॉर्वेच्या समुद्रात पडलेले आहे. ‘स्लाइपनर-अ’ ह्या समुद्रातील तेलफलाटाचा प्रचंड काँक्रीट पाया २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हेंगरजवळच्या खाडीत चाचणीसाठी बुडवीत असता फुटला आणि तळाशी गेला. सुमारे ७० कोटी डॉलरांचे नुकसान झाले. चौकशीत दिसून आले, की संगणकाने केलेल्या गणितात एका नाजूक सांध्यावरील कर्तन-प्रतिबल ४७ टक्के कमी धरले गेले होते, कारण गणितासाठी त्या भागाचे जे तुकडे पाडले होते ते पुरेसे बारीक आणि सुबक नव्हते. नंतर काळजीपूर्वक गणित केले तेव्हा हा पाया ६२ मीटर खोलीवर फुटेल असे निघाले; प्रत्यक्षात तो ६५ मीटरवर फुटला होता. म्हणजे यंत्र आणि गणित दोन्ही समर्थ होते. उणीव होती ती यंत्राचे उत्तर पारखून घेण्याची. ज्याने स्वतः कधी छोटेसे गणित यंत्राकडून करवून घेऊन त्याचे चुकलेले उत्तर पाहिलेले नाही, तो मोठ्या यंत्राच्या उत्तरावर संशय कोठून घेणार?

वकिलाने ह्या भानगडीत का पडावे, ह्याचे उत्तर येथेच येते. इंग्लंडात टपाल खात्याच्या हिशेबासाठी ‘होरायझन’ नावाची संगणकप्रणाली बसविली होती. तिने गावोगावच्या उपटपालचालकांच्या हिशेबात तूट दाखविली. यंत्र सांगते म्हणजे खरेच असणार, असे धरून १९९९ ते २०१५ ह्या काळात ९०० हून अधिक माणसांना चोर आणि लबाड ठरविण्यात आले. कोणी तुरुंगात गेले, कोणी दिवाळखोर झाले. पूर्वी तेथे १९८४ च्या कायद्यात एक कलम होते, की यंत्र नीट चालत होते हे दाखविल्याशिवाय त्याचा कागद पुरावा म्हणून घेऊ नये. ते कलम १९९९ च्या कायद्याने रद्द झाले, आणि यंत्र नीटच चालत असणार हे गृहीत धरले जाऊ लागले. त्या प्रणालीत दोष होते, हे न्यायालयाने २०१९ साली ठरविले. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांच्या शिक्षा एकाच वेळी रद्द केल्या. आणि उरलेल्यांसाठी २०२४ साली संसदेला खास कायदा करावा लागला. तोवर अनेकांचे आयुष्य संपले होते.

आपल्या देशात १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ नुसार संगणकातील नोंद पुरावा म्हणून आणावयाची तर प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचा एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात असेल त्याने, आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरावयाचा असतो. हा तज्ज्ञ कोण असेल? आज पहिल्या वर्षात बसलेली मुलेच उद्या तेथे सही करतील. त्या सहीवर कोणाची जमीन, कोणाची नोकरी, कोणाची अब्रू अवलंबून राहील. ज्याला स्वतःच्या दहा ओळी का चालल्या हे सांगता येत नाही, त्याची सही आम्ही कोणत्या विश्वासाने न्यायाधीशापुढे ठेवावी? उलटतपासणीत त्याला पहिलाच प्रश्न विचारला, की साक्षीदार कोसळलाच म्हणून समजावे.

दुसरा आक्षेप नवा आहे आणि त्याचा गाजावाजाही मोठा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ लोकांपुढे आले, आणि तेव्हापासून सामान्य भाषेत सांगितले की यंत्र स्वतःच आज्ञावली लिहून देते. मग मुलांनी ती का शिकावी? हा युक्तिवाद घोकंपट्टीपुरता अगदी बिनतोड आहे. जर्नलातील पंधरा आज्ञावल्या हे यंत्र क्षणात लिहील, आणि अर्धविरामही विसरणार नाही. ज्या कामात यंत्राशी स्पर्धा करून हरणे निश्चित आहे, त्याच कामात आम्ही मुलांची परीक्षा घेत बसलो आहो! परंतु लिहिण्याचे काम यंत्राने उचलले म्हणून वाचण्याचे, पारखण्याचे आणि जबाबदारी घेण्याचे काम संपत नाही, ते वाढते. आमच्या व्यवसायातलेच उदाहरण देतो. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी ह्या यंत्राकडून दाखले काढून घेऊन न्यायालयात सादर केले. त्यांतील निदान सहा निवाडे कधी झालेच नव्हते. न्यायाधीशांनी त्या वकिलांना ५,००० डॉलर दंड ठोठावला, यंत्राला नाही. कनिष्ठाने लिहिलेल्या मसुद्यावर ज्येष्ठ सही करतो तेव्हा तो मसुदा त्याचाच होतो. हा न्याय अभियंत्यालाही लागू आहे. आणि मसुदा पारखण्याची दृष्टी ज्याने कधी स्वतः मसुदा लिहिला, खोडला आणि पुन्हा लिहिला, त्यालाच येते.

तेव्हा विषय रद्द करावा असे म्हणणाऱ्यांशी आमचे मुळीच जमणार नाही. विषय राहिला पाहिजे, सर्व शाखांना राहिला पाहिजे. पण तो नावाप्रमाणे चालला पाहिजे. त्यासाठी आमच्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत.

पहिली मागणी परीक्षेची. परीक्षा यंत्रासमोर व्हावी, पुस्तक उघडे असावे, आणि प्रश्न न पाहिलेला असावा. प्रश्न लहान चालेल, पण तो यादीतला नसावा. त्याबरोबरच चुकीची आज्ञावली देऊन तिच्यातील दोष शोधावयास सांगावे. परीक्षा बदलली की शिकविणे आपोआप बदलते. शिकविणे बदलले तरी परीक्षा जुनीच राहिली तर सारे पुन्हा मूळ पदावर येते.

दुसरी मागणी भाषेची. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ साली मराठीसह आठ भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे शिक्षण देण्यास मुभा दिली. पूर्ण पदवी मराठीतून घ्यावी की न घ्यावी, हा वाद येथे नको. पण पहिला महिनाभर तरी शिक्षकाने ‘अट’, ‘आवर्तन’, ‘क्रम’ ह्या गोष्टी मुलाच्या घरच्या बोलीत, मराठीत वा कोंकणीत, उलगडून सांगाव्यात. फर्मागुडीच्या चढावर वा बेळगावच्या वर्गात खेड्यातून आलेले मूल बसलेले असते. त्याला दोन परक्या भाषा एकदम शिकाव्या लागतात, एक इंग्रजी आणि दुसरी यंत्राची. त्याची बुद्धी कमी पडते असे आम्ही समजतो. खरे तर त्याच्या डोक्यावर दोन ओझी दिलेली असतात.

तिसरी मागणी चुकांची. प्रत्येक विद्यार्थ्याच्या जर्नलात बरोबर आलेल्या आज्ञावलीच्या शेजारी तिची चुकलेली रूपे असावीत, आणि काय चुकले, कसे सापडले, हे दोन ओळींत त्याने स्वतःच्या शब्दांत लिहावे. ह्याचे गुण द्यावेत. चुकलेली रूपे उतरवून काढता येत नाहीत असे नाही; पण दुसऱ्याची चूक समजावून सांगावयास जितकी समज लागते तितकी आली, तरी आमचा हेतू सफल झाला.

शिक्षकांवर सारा भार टाकून आम्ही मोकळे होऊ इच्छीत नाही. वर्गात साठ-सत्तर मुले, तपासावयाच्या जर्नलांचा ढीग, वरून निकालाच्या टक्केवारीचा धाक. ह्यात चांगला शिक्षकही यादीचा आश्रय घेतो. म्हणून पालकांनी आणि समाजाने आपला वाटा उचलावा. आमच्या देवस्थान समित्या आणि ज्ञातिसंस्था दरवर्षी गुणवंतांना शाल, श्रीफळ आणि पाकीट देतात. त्याच खर्चातून सभागृहाच्या एका खोलीत चार यंत्रे मांडता येतील, आणि गावातला एखादा निवृत्त वा नोकरीतला अभियंता रविवारी दोन तास तेथे बसविता येईल. देवस्थानच्या पावतीपुस्तकाचा हिशेब, ग्रंथालयाची नोंद, पालखीच्या मानकऱ्यांची पाळी, असे खरे प्रश्न मुलांपुढे ठेवावेत. पाळीत एखाद्या घरी सुतक आले तर पुढचा क्रम कसा लागावा, ह्या एका प्रश्नात जेवढे आज्ञावलीलेखन आहे तेवढे पंधरा पानांच्या जर्नलात नाही.

आणि पालकांना एक विनंती. चवथीला मुले घरी येतात तेव्हा आपण त्यांना किती गुण मिळाले ते विचारतो. ह्या खेपेस दुसरा प्रश्न विचारून पाहावा: ‘ह्या सहामाहीत तू स्वतः लिहिलेली कोणती आज्ञावली चुकली, आणि ती का चुकली?’ ज्याला उत्तर देता येईल त्याने काही शिकले आहे असे खुशाल समजावे, मग त्याचे गुण कितीही असोत. जो ‘माझी एकही चुकली नाही’ असे म्हणेल, त्याच्या जर्नलावरील शिक्के मात्र बारकाईने पाहावेत.